डिस्क आपली, कुलूप जुन्या मालकाच्या नावावर

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदललाय. आधी लोक विचारायचे कुठला लॅपटॉप घेऊ, आता विचारतात की नवीन सिस्टिम टाकली पण जुनी हार्डडिस्क, पेनड्राइव्ह, कार्ड उघडत नाही किंवा उघडतं पण त्यात काही ठेवता येत नाही. म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्याच विषयाचे घेतलेत.

प्रश्न (एक ताई, चिपळूण): नमस्कार दादा. आमचा लॅपटॉप सहा वर्षांचा. विंडोज ११ करायला दुकानात दिला. त्यांनी आत नवीन एसएसडी टाकून दिली आणि जुनी हार्डडिस्क केसिंगमधे घालून हातात दिली, म्हणाले यूएसबीला लावा आणि तुमचा डेटा घ्या. लावली तर डिस्क दिसते, यूजर्स दिसतं, त्यात माझ्या नावाचं फोल्डर पण दिसतं, पण उघडायला गेलं की परमिशन नाही म्हणतं. कंटिन्यू दाबलं तर हिरवी पट्टी अर्ध्यावर जाऊन थांबली, वीस मिनिटं वाट बघितली आणि मग मी वायर काढली. आता कंटिन्यू पण चालत नाही. दुकानात विचारलं तर म्हणाले फॉरमॅट करावी लागेल. त्यात सासूबाईंच्या लग्नापासूनचे फोटो आहेत. मूळ अल्बम २०२१ च्या पुरात गेले, मुलाने त्याआधी स्कॅन करून ठेवले होते म्हणून एवढे तरी राहिले. काय करू?

उत्तर: ताई, पहिली गोष्ट, फॉरमॅट करू नका आणि कुणाला करू देऊ नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून फोटो जागेवरच आहेत. फोल्डरचं नाव दिसतंय, डिस्क उघडतेय, फक्त आत जाऊ देत नाहीये, म्हणजे अडचण हक्काची आहे. फॉरमॅट केलं की ती अडचण जाईल पण त्याबरोबर फोटोही जातील, मग त्याला उपाय कसा म्हणायचा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं त्यातून जे वाचलंय ते एका बटणाने घालवायचं नाही.

आता हे होतं का ते सांगतो, कारण ते समजलं की पुढच्या पायऱ्या पाठ करायला लागत नाहीत. आपल्याकडे सातबारावर आजोबांचं नाव तसंच राहिलेलं असतं ना, घर आपलं, चावी आपल्याकडे, कलमं आपणच लावलेली, पण कागदावर नाव गेलेल्या माणसाचं, आणि वारस नोंद झाल्याशिवाय कुणी दाद देत नाही. तुमच्या डिस्कचं अगदी तेच झालंय. विंडोजच्या हार्डडिस्कवर फाइली मांडून ठेवायची एनटीएफएस नावाची पद्धत असते, १९९३ पासून आहे ती, आणि त्यात प्रत्येक फाइलवर मालक कोण आणि कुणाला काय करता येईल याची नोंद असते. ही नोंद नावाने नसते, नंबरने असते. तुमचं अकाउंट पहिल्यांदा तयार झालं तेव्हा विंडोजने त्याला एक लांबलचक नंबर दिला, एस-१-५-२१ ने सुरू होणारा. आता नवीन एसएसडीवर विंडोज कोरं टाकलं, तिथे तुम्ही तेच नाव, तोच पासवर्ड दिला असेल, तरी नंबर नवा पडला. नाव तेच, माणूस तोच, पण डिस्कच्या लेखी तुम्ही परक्या.

तुम्ही जुन्याच विंडोजवरून अपडेट मारून ११ केलं असतं तर अकाउंट तेच राहिलं असतं, नंबर तोच राहिला असता आणि हा प्रश्नच आला नसता. दुकानात ज्याला अपग्रेड म्हणतात ते बरेचदा कोरं इन्स्टॉलेशन असतं. त्यात चूक काही नाही, नवीन एसएसडीवर कोरंच टाकलेलं बरं, फक्त डिस्क हातात देताना गिऱ्हाइकाला हे दोन शब्दात सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

कंटिन्यू दाबल्यावर काय चाललं होतं? विंडोज त्या फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलवर जाऊन तुमचं नवीन नाव नोंदत होतं. हजारो फोटो, आत चकती फिरणारी जुनी डिस्क, यूएसबीची वायर, त्यामुळे तास-दीड तास सुद्धा लागू शकतो आणि पट्टी हलत नाहीये असंच वाटतं. मधेच वायर काढली म्हणून अर्ध्यांवर नोंद झाली, अर्ध्यांवर नाही. घाबरू नका, ते पूर्ण करता येतं. पण त्याआधी डिस्कला कान लावा. टक टक असा ठराविक आवाज येत असेल किंवा डिस्क आपोआप दिसेनाशी होत असेल तर इथेच थांबा, काहीही चालवू नका, डेटा रिकव्हरी करणाऱ्या माणसाकडेच न्या. आवाज नसेल तर पुढे चला, लॅपटॉप चार्जरला लावून, आणि लाइट जायची शक्यता नसेल अशा वेळी.

डिस्कवरच्या यूजर्समधलं तुमच्या नावाचं फोल्डर घ्या, राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे सिक्युरिटी, मग ॲडव्हान्स्ड. वरती ओनर लिहिलेलं दिसेल आणि त्याच्यापुढे नावाऐवजी तो एस-१-५-२१ वाला आकडा असेल, नाहीतर मालक दाखवताच येत नाही असं लिहिलेलं असेल. हाच तो सातबारावरचा जुना मालक. त्याच्या बाजूला चेंज आहे, ते दाबून आपल्या अकाउंटचं नाव टाइप करायचं आणि चेक नेम्स दाबायचं. नावाखाली रेघ आली म्हणजे विंडोजने ओळखलं. नाव ओळखत नसेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडून हू-ॲम-आय असं सलग, इंग्रजीत, मधे जागा न सोडता टाइप करा, तुमचं खरं अकाउंटनाव तिथे येतं. मायक्रोसॉफ्टच्या ईमेलने लॉगिन केलं असेल तर हे नाव बरेचदा ईमेलची पहिली पाच अक्षरं एवढंच असतं, त्यामुळे लोक पूर्ण नाव टाकत बसतात आणि ते सापडत नाही. ओके केल्यावर मालकाच्या खालीच एक चौकोन येतो, रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स, म्हणजे आतल्या सगळ्यालाही हाच मालक लाव. त्याच्यावर टिक करा, अप्लाय, आणि मग तिथून उठा, जेवण करा, कपडे वाळत घाला, पण वायरला हात लावू नका.

ते झालं की सगळ्या खिडक्या बंद करून परत त्याच जागी या. कारण मालक झालात तरी वापरायचा हक्क वेगळा नोंदवावा लागतो, वारस नोंद झाली तरी वहिवाट चालू व्हायला आणखी एक पाऊल असतं तसं. ॲडव्हान्स्डमधे ॲड, सिलेक्ट अ प्रिन्सिपल, परत आपलं नाव, फुल कंट्रोलवर टिक, ओके. झालं की फोल्डर उघडेल.

हे सगळं फक्त यूजर्समधल्या तुमच्या फोल्डरवर करायचं. जुन्या डिस्कवरचं विंडोज किंवा प्रोग्रॅम फाइल्स याला हात लावायची गरज नाही, आणि लॅपटॉपच्या आतल्या सी ड्राइव्हवर तर हे चुकूनही करू नका, तिथे मालक बदलला तर चालू विंडोजच आजारी पडतं.

फोल्डर उघडलं की फोटो कट करू नका, कॉपी करा. नवीन लॅपटॉपवर जी कॉपी तयार होते तिला तिथल्याच परवानग्या लागतात, ती पहिल्यापासून तुमचीच असते. आणि आणखी एक कॉपी वेगळ्या डिस्कवर करून ती घरात ठेवू नका. मुंबई-पुण्याला कोण असेल त्यांच्याकडे द्या, गणपतीला येतील तेव्हा मागवून नवीन फोटो त्यात घाला आणि परत पाठवा. पाण्याची रेघ भिंतीवर कुठवर आली होती हे तुम्हाला मी सांगायला नको.

दोन ठिकाणी हा उपाय लागू होत नाही. डिस्क लावल्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली तर ते बिटलॉकर आहे, डेटाच सांकेतिक करून ठेवलेला, तिथे मालक बदलून काही होत नाही. ती की जुन्या लॅपटॉपवर ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन होतं त्याच्या वेबसाइटवर बहुतेक वेळा सापडते, म्हणून तो ईमेल आणि पासवर्ड आधी शोधून ठेवा. आणि काही फाइलींवर छोटं कुलपाचं चिन्ह दिसत असेल तर त्या विंडोजनेच स्वतंत्र एन्क्रिप्ट केलेल्या आहेत, त्याला जुन्या अकाउंटचं सर्टिफिकेट लागतं. तुमच्या पत्रात या दोन्हीचं काही चिन्ह नाही.

प्रश्न (कुडाळचे एक वाचक): आमच्या दशावताराची रेकॉर्डिंगा माझ्या मेमरी कार्डात आसत. लॅपटॉप नवीन विंडोज केल्यापासून कार्डात काय्येक जाणा नाय, राइट प्रोटेक्टेड म्हणता. जुना दिसता, वाजता, पण नवीन घालूक गेलय की नाय म्हणता. काय करूचा ता सांगा.

उत्तर: दादा, तुमच्याकडे वर लिहिलेलं मालकीचं प्रकरण नसणार. कॅमेऱ्याच्या कार्डावर एनटीएफएसऐवजी एफएटी३२ किंवा एक्सफॅट नावाची पद्धत असते आणि त्यात मालक वगैरे नोंदच नसते, कुठल्याही मशीनला लावा, सगळं सगळ्यांना उघडं.

छोटं कार्ड ज्या मोठ्या ॲडॅप्टरमधे घालता त्याच्या डाव्या कडेला एक बारीक खटका असतो. तो खाली सरकला की कार्ड लॉक. खिशातून काढताना, स्लॉटमधे ढकलताना तो आपोआप सरकतो आणि नखाने वर केला की काम होतं. खटका सैल झाला असेल तर ॲडॅप्टरच बदला, शंभर-दोनशेची वस्तू आहे.

त्याने नाही झालं तर तेच कार्ड दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरला लावून बघा. तिथे लिहिता येत असेल तर दोष तुमच्या लॅपटॉपचा नाहीतर रीडरचा. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत रीडरच्या पट्ट्यांवर हिरवट-काळा थर चढतो, कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने पुसा, पूर्ण सुकू द्या. पण दुसरीकडेही लिहिता येत नसेल तर मात्र गंभीर घ्या. या कार्डांचं आयुष्य संपत आलं की बरीच कार्डं स्वतःहून फक्त-वाचा अवस्थेत जातात, म्हणजे आहे ते घ्या, नवीन देऊ नका असं कार्डच सांगतं. ते विंडोज अपडेटच्याच आठवड्यात झालं हा योगायोग असू शकतो. आजच्या आज सगळी रेकॉर्डिंग उतरवून घ्या आणि त्या कार्डावर परत शूटिंग करू नका. इंटरनेटवर सापडणारे राइट प्रोटेक्शन काढून देतो म्हणणारे प्रोग्रॅम उतरवू नका. रात्रभर उभं राहून केलेलं रेकॉर्डिंग परत मिळत नाही, त्या रात्रीचा संकासुर परत तसाच उभा राहत नाही.

प्रश्न (गुहागर तालुक्यातले एक शिक्षक): आमच्या शाळेतले कॉम्प्युटर जुने, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही म्हणून विंडोज ११ बसत नाही. त्यामुळे आम्ही लिनक्स मिंट टाकलं, छान चालतं. पण दोन अडचणी. एक, ऑफिसमधल्या विंडोजवरची हार्डडिस्क इथे लावली की वाचता येते पण लिहिता येत नाही, रीड ओन्ली म्हणते, आणि एका मशीनवर तर माउंटच होत नाही, म्हणजे जोडली जाऊन उघडतच नाही. दुसरी, एका डिस्कवर आम्ही लिनक्समधूनच फाइल ठेवल्या होत्या, मिंटची नवीन आवृत्ती परत टाकल्यावर त्याच फाइली आता बदलता येत नाहीत. मुलांचे प्रकल्प अडकलेत.

उत्तर: गुरुजी, जुन्या मशीन भंगारात न घालता मुलांच्या हातात ठेवल्यात याबद्दल आधी तुमचं अभिनंदन.

पहिली अडचण बहुतेक विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे. विंडोजमधे शटडाउन केलं तरी मशीन पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि तेव्हा लावलेली डिस्क वापरात आहे अशी खूण तिच्यावर राहून जाते. लिनक्स ती खूण बघतं आणि दुसऱ्याच्या अर्धवट कामात हात घालायला नको म्हणून लिहायला नकार देतं. तसंच लिहिता लिहिता लाइट गेली तरी डिस्कवर खराब असल्याची खूण पडते, आणि पावसाळ्यात तुमच्याकडे दिवसातून किती वेळा जाते ते तुम्हाला माहीत. लिनक्सच्या नवीन कर्नलमधला, म्हणजे गाभ्यातला, एनटीएफएस ड्रायव्हर या खुणेबाबत जास्त कडक आहे, माउंटच करत नाही, एका मशीनवर तेच होत असावं. लिनक्समधून ही खूण जबरदस्तीने पुसता येते पण मी ते करायला सांगणार नाही. डिस्क परत ऑफिसच्या विंडोजला लावा, ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक, तपासणी पूर्ण होऊ द्या, मग सेफली रिमूव्ह करूनच काढा. आणि त्या विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समधे जाऊन कायमचं बंद करा.

दुसरी अडचण मात्र चिपळूणच्या ताईंचीच, फक्त लिनक्सच्या कपड्यात. लिनक्सही मालक नंबरानेच ओळखतं. मिंट किंवा उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांमधे पहिला यूजर १०००, दुसरा १००१. मागच्या वेळी तुम्ही आधी शिक्षक आणि मग विद्यार्थी असं अकाउंट केलं असेल, या वेळी उलट, तर डिस्कवरचा १००० आता भलत्याच माणसाचा झाला. फेडोरा या लिनक्सच्याच आणखी एका प्रकारावरून आलेली खूप जुनी डिस्क असेल तर तिथे ५०० पण सापडेल, कारण २०११ पूर्वी फेडोरात मोजणी ५०० पासून सुरू व्हायची. फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधे परमिशन्स बघा, मालक दुसराच दिसेल. मिंटमधे फाइल मॅनेजर रूट म्हणून, म्हणजे सगळे हक्क असलेला मुख्य यूजर म्हणून, उघडायची सोय राइट क्लिकमधेच आहे, तशी खिडकी उघडून त्या एका फोल्डरचा मालक बदला आणि आतल्या सगळ्या फाइलींना लागू करा. टर्मिनलमधून करणार असाल तर फोल्डरचा पत्ता दोनदा वाचल्याशिवाय एंटर मारू नका, पत्त्यात एक जागा जास्त पडली आणि हुकूम मूळ स्लॅशवर, म्हणजे सगळ्या सिस्टिमच्या मुळावर, चालला तर सगळी सिस्टिम परत टाकावी लागते.

पुढे जाऊन जी डिस्क विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे फिरणार ती एक्सफॅट करून टाका, अर्थात आतलं सगळं दुसरीकडे काढून घेतल्यावर. मालकीची कटकट राहत नाही आणि एफएटी३२ ची ४ जीबीची मर्यादाही नाही, मुलांचे व्हिडिओ बसतात. पण एक्सफॅटला जर्नल नाही, म्हणजे लाइट गेली तर सावरायची ताकद कमी. म्हणून फिरती डिस्क एक्सफॅट आणि कपाटात राहणारी मुख्य डिस्क एनटीएफएस, अशी विभागणी मला तरी पटते.

एखाद्या शाळेत मिंटऐवजी उबुंटू असेल तर एवढं लक्षात ठेवा, फाइल मॅनेजरला पेनड्राइव्ह उघडतो पण एखादं ॲपच म्हणतं की फाइल दिसत नाही, असं झालं तर ते ॲप स्नॅप प्रकारचं, म्हणजे बाकी सिस्टिमपासून वेगळं बंदिस्त चालणारं, असतं आणि त्याला काढता-घालता येणाऱ्या डिस्कची परवानगी वेगळी द्यावी लागते. सेटिंग्जमधे ॲप्समधे जाऊन त्या ॲपपुढचा रिमूव्हेबल स्टोरेजचा खटका चालू करा.

प्रश्न (मालवणला होमस्टे चालवणाऱ्या ताई): मी मॅकबुक घेतलंय, आता त्याचं सॉफ्टवेअर अपडेट केल्यापासून फोटो एडिट करायचं ॲप बाहेरची डिस्क उघडत नाही, आणि दुसऱ्या एका डिस्कवर फोटो टाकताच येत नाहीत.

उत्तर: ताई, दोन वेगळी कारणं. मॅकच्या सिस्टिमची कॅटॅलिना ही आवृत्ती २०१९ मधे आली तेव्हापासून प्रत्येक ॲप बाहेरची डिस्क वाचायला आधी विचारतं. तेव्हा घाईत नको दाबलं गेलं असेल तर ॲप नंतर विचारत बसत नाही, गप्प अडतं. सिस्टिम सेटिंग्जमधे प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात फाइल्स अँड फोल्डर्स, तिथे त्या ॲपखाली रिमूव्हेबल व्हॉल्यूम्स चालू करा, ॲप बंद करून परत उघडा.

दुसरी डिस्क विंडोजवर तयार केलेली, एनटीएफएस असणार. मॅक ती वाचतं पण तिच्यावर लिहीत नाही, हे अपडेटने झालेलं नाही, आधीही तसंच होतं. तुमच्या आधीच्या मशीनवर चालत असेल तर तिथे विंडोज होतं किंवा मॅकवर एनटीएफएस लिहू देणारं वेगळं सॉफ्टवेअर टाकलेलं होतं. फोटो मॅकवर उतरवा, डिस्क एक्सफॅट करा, परत टाका. आणि मॅकनेच तयार केलेली डिस्क असून नकार देत असेल तर डिस्कवर गेट इन्फो, अगदी खाली शेअरिंग अँड परमिशन्स, तिथलं कुलूप उघडून इग्नोर ओनरशिप ऑन धिस व्हॉल्यूम यावर टिक करा.

प्रश्न (रत्नागिरीचे एक वाचक): ऑफिसच्या लॅपटॉपला विंडोज ११ आल्यापासून माझा पेनड्राइव्ह लागतच नाही. घरी चालतो. काही युक्ती?

उत्तर: ऑफिसने बहुतेक पॉलिसी, म्हणजे सगळ्या लॅपटॉपना नियम, लावून यूएसबी बंद केलेलं आहे, तुमचा पेनड्राइव्ह चांगला आहे. त्याच्यावर युक्ती शोधू नका, नोकरीवर येतं. तुमच्या आयटीवाल्यांना लेखी मेल करा, कुठली फाइल, कुठून कुठे न्यायची आहे ते स्पष्ट लिहून, ते शेअर फोल्डर देतील नाहीतर ऑफिसचाच एन्क्रिप्टेड पेनड्राइव्ह देतील. दरम्यान घरच्या पेनड्राइव्हमधे ऑफिसचं काही जुनं पडलं असेल तर तेही त्याच मेलमधे सांगून टाका.